पाण्याची जवळची वाट

मी गाडी विकायला ठाण्याला गेले आणि त्याच गाडीतून परत इगतपुरीला आले. आमच्या आळीतल्या बायका विचारतात, "डॉक्टरीणबाई, चार दिवस खाली जाऊन काय काय पाहिलंत?" खरं सांगायचं तर एकही देऊळ पाहिलं नाही. ठाण्याचा तलाव पाहिला, तो चिखलात रुतलेलं चाक काढता काढता. कल्याणला भंगाराचे ढीग पाहिले आणि डोंबिवलीला पातेल्यात उकळणारं पाणी. एवढ्यासाठी कुणी घाट उतरून जाऊ नये. पण जे झालं ते मला कुणाला सांगता येत नाही, म्हणून लिहून काढते.

आधी गाडीविषयी. ती विलायती, युद्धाच्या आधीची, हिरवी, चौकोनी तोंडाची. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा रेल्वेतला एक साहेब बाडबिस्तरा आवरून निघाला, त्याच्याकडून ह्यांनी ती घेतली. हे म्हणजे माझे यजमान, शाळेत हेडमास्तर. चालवायला मात्र मीच शिकले, कारण बाळंतपणांना मलाच धावावं लागे. हे शेजारी बसून सूचना करत. घरात कामं वाटलेली होती. रेडिएटरमध्ये पाणी भरायचं मी, चाकांतली हवा बघायची ह्यांनी. निघताना मी ओरडायचे, "पाणी भरलंय!" गाडीच्या मागून उत्तर यायचं, "हवा ठीक आहे!" मग गाडी सुरू. इतक्या वर्षांत हा रिवाज एकदाही चुकला नाही.

दोन वर्षांपूर्वी चैत्रात आम्ही डोंबिवलीला धाकट्या दिरांकडे चार दिवस राहिलो. परत येताना कसाऱ्याच्या घाटात, निम्म्या वाटेवर, एका वळणाशी बोनेटमधून वाफ यायला लागली. तापमानाचा काटा पार टोकाला गेला होता. मी उतरले, फडकं धरून रेडिएटरचं झाकण फिरवलं आणि उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजून घेतला. गाडी निवायला तासभर लागला. निवल्यावर बरोबरची कळशी मी रेडिएटरमध्ये ओतली आणि वळून बघते तर हे कठड्याच्या दगडाला टेकून बसलेले, छातीवर हात. "जरा पाणी दे गं," म्हणाले. कळशीत थेंब उरला नव्हता. मालाची लॉरी येऊन थांबली तोवर सगळं आटोपलं होतं.

डॉक्टर म्हणून मला ठाऊक आहे, झटका मोठा होता. वेळेवर घरी पोचलो असतो तरी कदाचित तेच झालं असतं. पण ह्या 'कदाचित'वर बायकोचं मन कसं राहील? मला एकच गोष्ट आठवत नव्हती. त्या सकाळी डोंबिवलीला धाकट्या जावेचे, सुमनचे डबे, पुरणपोळ्या, हळदीकुंकू, सगळी धांदल चाललेली. "पाणी भरलंय!" असं मी ओरडले होते, ते आठवतं. भरलं होतं का, ते काही केल्या आठवत नाही. दोन वर्षं ह्या एका प्रश्नानं मला जेवू दिलं नाही धड. गाडी फक्त सपाटीला, गावातल्या गावात फिरवायची. घाटाखालून बोलावणं आलं की "गाडी बिघडलीय" सांगून मोकळी व्हायची. खर्डीची एक बाई बैलगाडीत अडली, तेव्हा ठरवलं, बास. ही गाडी नको आणि तिचा पाश नको.

ठाणे

पौषातली सकाळ होती. इगतपुरीला धुकं इतकं, की समोरच्या म्हशीचं शेपूट तेवढं दिसत होतं. घाट उतरताना गाडी तापत नाही, हे मला माहीत होतं. तरी त्या वळणाशी मान वळवली नाही. खाली उतरले तशी शाल काढली, शहापूरला स्वेटर काढला. तिथं पेट्रोल घ्यायला थांबले तर पंपावरचा माणूस गाडीला एक फेरी मारून मला म्हणाला, "बाई, ड्रायव्हर कुठं गेला?"

"तुझ्याशीच बोलतोय," मी म्हटलं. बिचाऱ्यानं पेट्रोल जमिनीवर सांडलं.

भिवंडीला यंत्रमागांची खडखड दोन्ही कानांत घेऊन, खाडी ओलांडून ठाण्यात शिरले. आमच्या डोंगरी हवेची सवय असलेल्या माणसाला ठाण्याची हवा म्हणजे ओला पंचा तोंडावर टाकल्यासारखी. तलावाच्या कडेनं गाडी घेताना पुढचं चाक रुतलं. चार माणसं धावून आली, त्यांतल्या तिघांनी ड्रायव्हर कुठाय विचारलं. चौथ्यानं न विचारता धक्का दिला. तोच गोमा मिस्त्री, ज्याच्याकडे मी चालले होते.

गोमा मूळचा कोलशेतचा आगरी. बापजादे मिठागरावर राबले. हा युद्धाच्या वेळी कल्याणच्या लष्करी तळावर मोटारी दुरुस्त करायला शिकला. आता साठीचा, अंगानं काटकुळा. त्यानंच गाडीला गिऱ्हाईक बघितलं होतं, एक लाकडाचे व्यापारी. ते शनिवारी येणार होते. गोमानं बोनेट उघडलं, कान लावून इंजिन ऐकलं, रेडिएटरच्या जाळीला हात लावला आणि माझ्याकडे न बघताच म्हणाला, "बाय, घाटान उकलते ना गारी?"

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"जाली गार हाय आनि इंजन तापलंय. पानी जालीपरत जातच नाय." त्यानं पान्यानं दोन बोल्ट सोडले, इंजिनावरचं एक गोल टोपण उचललं आणि आत बोट घालून दाखवलं. "बगा. घर हाय, घरवाला नाय."

"कोड्यात बोलू नका हो. काय नाहीये?"

"थर्मोस्टॅट वॉल."

मग त्यानं मातीत काडीनं आकृती काढून मला समजावलं. इंजिनातल्या पाण्याला बाहेर पडायला दोन वाटा असतात. एक लांबची, जाळीतून फिरून गार होऊन येणारी. दुसरी जवळची, इंजिनातून निघून परत इंजिनातच शिरणारी. इंजिन थंड असेपर्यंत हा वॉल लांबची वाट बंद ठेवतो, म्हणजे पाणी लवकर तापतं. पाणी पुरेसं तापलं की वॉल उघडतो, आणि आमच्या गाडीत तो उघडता उघडता जवळची वाट बंद करतो. मग पाण्याला जाळीतून गेल्याशिवाय गत्यंतर नसतं.

"मग काढला कुणी?"

गोमा ओशाळला. "आमीच काढतो. आमी म्हंजे सगले मिस्त्री. गारी तापली, का पयला वॉल काढून फेकायचा. आपला गरम देश, याचं काय काम? लय गाऱ्यांना चालून जातं. हिला नाय चालत. वॉल नसला का पानी जवलच्याच वाटेनं पलतं. साला सुटल्यावर पोरं पलतात तसं. सपाटीला कलनार पन नाय. घाटान उकलनार."

मी विचारलं, "पाणी काठोकाठ भरलेलं असलं तरी?"

"काठोकाठ असलं तरी."

मी तिथल्या पालथ्या पिंपावर बसले. गोमाला वाटलं ऊन लागलं. पण माझ्या डोक्यात चक्र सुरू झालं होतं. हे गेल्यानंतर इगतपुरीच्या मेकॅनिकनं इंजिनाचं हेड खोलून पॅकिंग बदललं होतं. वॉल त्यानं काढला असेल, तर त्या दिवशी घाटात वॉल जागेवर होता. मग गाडी उकळायला कारण एकच उरतं, पाणी नव्हतं. म्हणजे मी. पण वॉल आधीच गेलेला असेल तर? तर मी सुटले. दोन वर्षांत पहिल्यांदा मला सुटायला एक फट दिसली होती, आणि त्या फटीची मला भीतीच वाटली.

"शनिवारपर्यंत वॉल आणून बसवते," मी गोमाला म्हटलं. "दुसऱ्या कुणाला ह्या गाडीनं घाटात अडकवायचं नाही मला."

"हितं नाय भेटनार. कल्यानला कॅंपान जा, लालचंदकडं. लष्कराचं भंगार त्याच्याकडं हाय. पन काय बी उचलून आनू नका. हा वॉल मापाचाच लागतो."

दुपारी गोमाच्या बायकोनं जेवू घातलं. तांदळाची पांढरी भाकरी आणि सुकटीचं कालवण. आमच्याकडे नागलीची काळी भाकरी आणि हुलग्याचं पिठलं, त्यामुळे ती भाकरी मला लग्नातलं पक्वान्न वाटली. सुकट मी माहेरच्या सोवळ्यात कधी खाल्ली नव्हती. डॉक्टर झाल्यावर सगळं खाते. माउलीनं विचारलं, "पोरं किती, बाय?" म्हटलं, नाहीत. "आनि मालक?" म्हटलं, तेही नाहीत. तिनं पानात आणखी एक भाकरी टाकली. ती मी तुकडा न टाकता संपवली. धर्मशाळेत खोली मिळाली, तिथं शेजारच्या खोलीतले नवराबायको मोठमोठ्यानं भांडत होते, उशी कुणाची ह्यावरून. मी ते ऐकत पडले. इतकं बरं वाटलं ऐकायला, की भांडण मिटलं तेव्हा वाईट वाटलं.

कल्याण

गाडी गोमाकडे ठेवून मी रेल्वेनं कल्याणला गेले. स्टेशनाबाहेर टांगेवाला म्हणाला, "कॅंप? तिथं काय घ्यायचंय बाईंना, कापड का पापड?" मी म्हटलं, थर्मोस्टॅट. त्यानं सरळ घोडा हाकला.

युद्धात जिथं सैन्य राहायचं त्या बराकींत आता सिंधहून आलेली माणसं राहत होती. एकेका बराकीत पडदे लावून चार चार संसार. पडद्याच्या अलीकडे दुकान, पलीकडे चूल. लालचंद पन्नाशीचा असेल, पांढरा पायजमा, कानावर पेन्सिल. त्याच्या बराकीबाहेर गिअरबॉक्सचा डोंगर, रेडिएटरचा डोंगर आणि एका जुन्या बाथटबमध्ये थर्मोस्टॅट, शेकड्यांनी. मला हायसं वाटलं. उगाच वाटलं.

त्याच्या बायकोनं आधी पाणी आणलं आणि त्याबरोबर भाजलेला पापड. आमच्याकडे पाण्याबरोबर गुळाचा खडा देतात. उन्हातून आलेल्या माणसाला पापड कशाला, असं मनात आलं, पण दोन घास खाल्ल्यावर त्या पाण्याला खरी चव आली.

मी टबात हात घातला आणि एक चकचकीत वॉल उचलला. "हा द्या."

"बाई, बैठिये पहले," लालचंद म्हणाला. "नंबर विचारल्याशिवाय मी विकत नाही. गाव किती उंचावर तुमचं?"

"दोन हजार फूट असेल."

"म्हणजे तिथं पाणी इथल्यापेक्षा लवकर उकळतं. जाळीचं झाकण कसं? दाबाचं का साधं?"

"साधं."

त्यानं माझ्या हातातला वॉल काढून टबात टाकला. "हा बर्फाच्या मुलुखातल्या ट्रकचा. पाणी उकळायला आलं की हा जागा होणार. तुमच्या काय कामाचा?" दुसरा उचलला. "हा लौकर उघडतो. ह्यानं इंजिन कधी गरमच होणार नाही, तेलाचा चिखल होईल. तुम्हाला पाहिजे एकशे साठ डिग्री फॅरनहाइटच्या आसपासचा. कडा तुमच्या घरात बसली पाहिजे, आणि खाली ही अशी बाही पाहिजे, जवळचा रस्ता बंद करणारी." एवढं सांगून तो टबापुढं उकिडवा बसला आणि एकेक वॉल बघायला लागला. मी पेशंट तपासते तसा. कराचीत तो मोटारींच्या एका मोठ्या कारखान्यात फोरमन होता, हे त्यानं टबातच बघत सांगितलं. "तिथं एक एक पार्ट कपाटात असायचा, चिठ्ठी लावून," म्हणाला. "इथं टब."

मीही मदतीला बसले. पोलक्याची लांब बाही वर सरकली तेव्हा त्याचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं. "ये कैसे जला?"

परक्या माणसाजवळ मन मोकळं होतं ते का, मला ठाऊक नाही. मी त्याला सगळं सांगितलं. घाट, वाफ, झाकण, कळशी. पाणी भरलं होतं का ते आठवत नाही, हेसुद्धा. हे मी सख्ख्या बहिणीला सांगितलेलं नव्हतं.

लालचंदनं हातातला वॉल खाली ठेवला. "बाई, पाणी नव्हतं, तर मग हात कशानं भाजला?"

"वाफेनं. वाफेनंही भाजतं. मी डॉक्टर आहे."

"मी फोरमन आहे. साडी भिजली होती?"

साडी भिजली होती. पदरापासून निऱ्यांपर्यंत, गंजाच्या लाल पाण्यानं. ती साडी अजून ट्रंकेत आहे. सहा वेळा धुतली, डाग गेले नाहीत.

"रिकामी जाळी नुसती फुसफुस करते," तो म्हणाला. "भरलेली जाळी कारंजं उडवते. पाणी होतं बाई. भरपूर होतं. आपने भरा था."

काय म्हणावं माझ्या अकलेला! त्या हाताला मीच मलम लावलं, मीच पट्ट्या बांधल्या, दोन वर्षं रोज अंघोळीला तो डाग बघितला, आणि साक्ष माझ्या हातावर लिहिलेली मला वाचता आली नाही. मी तिथंच, त्या भंगारात बसून रडले. लालचंद पडद्याआड निघून गेला आणि त्याची बायको दुसरा पापड घेऊन आली. पाणी मी भरलं होतं. एवढे तीन-चार शब्द ऐकायला मी घाट उतरून आले होते म्हणायचं.

शेवटी एक वॉल सापडला. कडा जुळली, बाही होती, पण आकडा झिजलेला. "घरी पातेल्यात टाकून तपासा," लालचंदनं बजावलं. "थर्मामीटर लावा. उघडला तर ठेवा, नाही तर परत आणा. जुना माल, मी कसम घेत नाही." ह्याला म्हणतात दुकानदार.

डोंबिवली

डोंबिवलीला माझे दीर राहतात, अप्पा. शाळेत विज्ञान शिकवायचे, आता घरी असतात. छोटंसं कौलारू घर, पुढे अंगण, मागीलदारी विहीर, आणि मानपाड्याकडे नजर टाकावी तिकडे कापलेली भातखाचरं. दोन वर्षांत मी तिथं पाऊल टाकलं नव्हतं. वॉल तपासायला थर्मामीटर हवा, आणि तो अप्पांकडे असणार, म्हणून गेले. माझ्या मनातली फट आता चांगली रुंद झाली होती. वॉल केव्हा गेला ह्याला आता महत्त्व उरलं नाही, असं मी स्वतःला सांगत होते.

"वहिनी!" अप्पा ओट्यावरून जवळजवळ पडलेच. सुमन, माझी धाकटी जाऊ, हातातलं पीठ न धुताच बाहेर आली. चहा झाला, पोहे झाले, रडून झालं. मग मी पिशवीतून वॉल काढला आणि अप्पांचे डोळे चमकले. निवृत्त मास्तरांना प्रयोग करायला मिळाला म्हणजे बघायला नको. शाळेनं टाकून दिलेला एक थर्मामीटर त्यांनी जपून ठेवला होता, वरची काच फुटकी पण पारा शाबूत.

स्वैपाकघरात पातेलं चढलं. सुमन कुरकुरली, "त्यात उद्या दूध तापवायचंय मला, काय तेलकट वस्तू टाकताय!" अप्पांनी वॉल दोऱ्यानं पाण्यात टांगला, शेजारी थर्मामीटर धरला आणि वर्गात बोलावं तसे आकडे ओरडायला लागले. एकशे वीस. एकशे चाळीस. एकशे साठ. वॉल हलला नाही. एकशे ऐंशी. नाही. पाणी खदखदायला लागलं तरी तो तसाच, तोंड मिटून.

"भंगारवाल्यानं गळ्यात मारलं हो तुमच्या," अप्पा म्हणाले. "आतला भाता जाम झालाय ह्याचा, फुगतच नाही. थांबा, थांबा! असलंच एक आपल्या घरात आहे की. सुमन, दादाचं ते आण पाहू."

सुमन देवघराकडे गेली आणि समईच्या शेजारून एक पितळी वस्तू घेऊन आली. चिंचेनं घासलेली, लखलखीत. मी हातात घेतली. तीच कडा, तीच बाही, आणि कडेवर स्पष्ट कोरलेला आकडा, एकशे साठ.

"हे इथं कसं?" माझाच आवाज मला परका वाटला.

"अहो, काखेत कळसा नि गावाला वळसा!" अप्पा हसत होते. "दादानं आणि मीच काढलं ना हे! तुम्ही चैत्रात आलात तेव्हा. येताना भिवंडीपाशी गाडी जरा तापली होती म्हणाला. मी म्हटलं, हा अडथळा हवाय कशाला? आपला गरम देश, पाणी मोकळं वाहू दे. निघायच्या आदल्या दिवशी तुम्ही आणि सुमन पुरण वाटत होतात, तेवढ्यात आम्ही अंगणात काम उरकलं. दादा म्हणाला, 'हिला सांगू नकोस बरं का. गाडीला हात लावला की चवताळते.' लहानपणी वडिलांचं घड्याळ खोलून बसायचो आम्ही, तस्सं. घड्याळ काही परत चाललं नाही. गाडी मात्र चालली, एवढा एक तुकडा उरला. म्हणाला, ठेव तुझ्याकडे." त्यांचा आवाज जरा खाली आला. "त्याच्या हातची शेवटची वस्तू. ही दर शुक्रवारी घासते."

"पितळ काळं पडलेलं बघवत नाही मला," सुमन म्हणाली.

आपलेच दात नि आपलेच ओठ. सकाळी "पाणी भरलंय!" असं मी ओरडले तेव्हा ह्यांना माहीत होतं. मागून "हवा ठीक आहे!" म्हणाले, आणि मिशीत हसलेही असतील. काय राग आला मला! दोन वर्षं मी स्वतःला फाडून खाल्लं आणि हे तिकडे देवघरात समईशेजारी लखलखत होते.

अप्पांनी जुना वॉल दोऱ्याला बांधून पातेल्यात सोडला. नवीन पाणी, नवा विस्तव. एकशे चाळीस. एकशे पन्नास. एकशे साठला जेमतेम पारा टेकला आणि तो पितळी भाता हळूच फुगला, झाकण वर उचललं गेलं. दोन वर्षं नुसता पडून होता, तरी आपलं काम विसरला नव्हता.

"वा!" अप्पांनी टाळी वाजवली. मग त्यांचा हात तसाच राहिला. ते त्या उघड्या झाकणाकडे बघत राहिले. मास्तर होते ते शेवटी. "वहिनी," हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही हे एवढं शोधत फिरताय... हे काढायला नको होतं की काय?"

सुमनचं लाटणं थांबलं. मी अप्पांकडे बघितलं. तोच ह्यांच्या कपाळावरचा उभ्या शिरेचा फुगवटा, तेच लांबट कान. एक वाक्य बोलले असते तर माझ्या छातीवरचं सगळं त्यांच्या छातीवर गेलं असतं, आणि त्यांनी ते मरेपर्यंत वाहिलं असतं. मला ठाऊक आहे ते कसं असतं.

"छे हो, भाऊजी," मी म्हटलं. "हे थंडीसाठी असतं. पौषात आमच्याकडे इंजिन गारठतं, सकाळी सुरू होत नाही. उन्हाळ्यात काय, असलं काय नि नसलं काय."

"तेच! तेच मी दादाला म्हणत होतो," अप्पा म्हणाले आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. लाटणं पुन्हा सुरू झालं.

मी हात धुवायला म्हणून विहिरीवर गेले आणि खूप वेळ हात धुतले. मी वॉल मागितला तेव्हा अप्पांना तो द्यायला जड गेलं. शेवटी त्यांनी तो स्वतःच्या रुमालात बांधून दिला. देवघरात समईशेजारी रिकामी जागा राहू नये म्हणून मी लालचंदचा निकामी वॉल तिथं ठेवला. सुमन म्हणाली, "हाही घासला की होईल छान."

परत घाट

शुक्रवारी गोमानं वॉल हातात घेतला आणि उलटा-सुलटा करून बघितला. "बाय, हा तं देवघरातला दिसतो."

"तिथूनच आणलाय. बसवा. आणि उद्या त्या व्यापाऱ्यांना सांगा, गाडी विकायची नाही."

"तरी मी तेच सांगनार होतो," गोमा म्हणाला. खोटं बोलत होता, पण चांगलं वाटलं.

शहापूरच्या पंपावर त्याच माणसानं मला बघून आधीच बाजूला होऊन सलाम ठोकला. कसाऱ्यानंतर चढ लागला. मी एक डोळा रस्त्यावर आणि एक काट्यावर ठेवला. काटा चढला, मध्यावर आला आणि तिथं थांबला. पहिलं वळण, दुसरं वळण. मागून मालाच्या लॉऱ्या धापा टाकत येत होत्या. माझी गाडी गुरगुरत वर चालली होती. मग ते वळण आलं. कठड्याचा तो दगड. काटा मध्यावरच.

"मला एकदा विचारायचं होतं हो," मी शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघून मोठ्यानं म्हटलं. "चवताळले असते, बोलले असते, दोन दिवस अबोला धरला असता. विचारायचं तर होतं!"

आधी गाडी उकळली म्हणून मी स्वतःशी भांडत होते, दोन वर्षं, रोज. आता चूक सापडली, चूक करणारा सापडला, आणि भांडायला समोर माणूस नाही. धर्मशाळेतल्या त्या नवराबायकोला एक उशी पुरली होती. मला त्यांचा इतका हेवा वाटला, की डोळ्यांपुढचा रस्ता धूसर झाला आणि पदरानं पुसावा लागला. त्या वळणावर थांबायचं मी डोंबिवलीपासून ठरवून आले होते. पण गाडी थांबायला काही कारणच नव्हतं. ती चढत राहिली, आणि मी तिला चढू दिलं.

परत आल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी घाटाखालून, खर्डीहून माणूस आला. पहिलटकरीण, आडवं मूल. "गाडी बिघडलीय" हे तोंडावर आलेलं मी गिळलं. बॅग घेतली, विहिरीवरून कळशी आणली, झाकण उघडलं आणि पाणी जाळीत काठापर्यंत दिसेतो ओतलं. आत बोट बुडवून बघितलं.

"पाणी भरलंय!" मी ओरडले.

सवयीनं थोडं थांबले. खर्डीचा माणूस माझ्याकडे बघत राहिला. मग मी गाडीला वळसा घालून चारही चाकांवर एकेक लाथ मारली, हवा बघितली, आणि गाडी सुरू केली.